प्रेसचं कुंकू

कळंबजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी बांधायची प्रेस एक जुना कामगार चालवायचा. तिला तो 'बाई' म्हणायचा. कामाची पाळी सुरू करण्याआधी तिला कुंकू लावायचा. काहीही सांगा, त्याचं उत्तर एकच असायचं, "हाव जी."

आयएसओ प्रमाणपत्रासाठी तपासणी होणार होती. सल्लागार म्हणाला, मशीनवर कसलाही डाग नको. त्या दिवशी तो "हाव जी" म्हणाला नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यानं कुंकू हळूहळू पुसलं आणि बराच वेळ तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

प्रमाणपत्र मिळालं. ऑफिसात पेढे वाटले. त्याचा पेढा घेऊन मी प्रेसपाशी गेलो. म्हटलं, "आता लावा ना भाऊ कुकू. कोन पाह्यते?"

पेढा न घेताच त्यानं बटण दाबलं.

"पुसलेलं कुकू परत लावत नाहीत, साहेब."