आत्याचा संशय आणि तलावातले बुडबुडे

आमच्या आत्याचा दूधवाल्यावर विश्वास नाही, भिंतीवरच्या घड्याळावर नाही आणि वजनकाट्यावर तर मुळीच नाही. डॉक्टर म्हणाले, “रक्तदाब उत्तम,” तर ती डोळे बारीक करून विचारते, “कोणाचा?”

नशिबाने नोकरीही तिला शोभेल अशीच मिळाली. धरणाच्या तलावातून हवेत किती मिथेन जातो, याचा अंदाज काढायचा. तळाशी पानं, काटक्या कुजतात, त्यातून हा वायू सुटतो आणि पृथ्वीचा ताप वाढवतो. नावाडी, ज्याला सगळे कप्तान म्हणतात, दर पंधरवड्याला तलावात बारा ठिकाणी उलटी बादली तरंगत ठेवतो, तिच्यात जमलेली हवा सिरिंजमध्ये ओढतो आणि सिरिंजा आत्याच्या टेबलावर आणून ठेवतो. शिवाय पाण्याच्या बारा बाटल्या. पुढचं काम आत्याच्या यंत्राचं.

चार वर्षांच्या अहवालावर शुक्रवारी तिची सही होणार होती. त्याच आठवड्यात सोमवारी बाराही जागांचे आकडे जवळपास सारखे पाहून तिचं डोकं फिरलं.

“बारा भावंडं आणि बाराही जणांचं नाक एकसारखं? असं असतं का कुठे?”

नदी तलावाला मिळते तिथे कमरेएवढा गाळ. आकडा तिथे उसळायला हवा. तो तर तलावाच्या मध्यासारखाच गुपचूप बसलेला! म्हणजे कप्तान धक्क्यावर पाय पसरून बाराही सिरिंजा भरतोय, दुसरं काय? मंगळवारी तिने त्याचे बूट पाहिले. कोरडे! बुधवारी तक्रार लिहून पर्समध्ये ठेवली. कप्तान रोजंदारीवरचा माणूस, एका कागदाने घरी गेला असता. पण आत्याचा स्वतःच्या तक्रारीवर तरी कुठे विश्वास! गुरुवारी सकाळी, फेरी निघायच्या वेळी, न कळवता ती नावेत जाऊन बसली.

“ताई, तुम्ही? पाण्याची भीती गेली वाटतं?”

“भीती पाण्याची नाही, कप्तान. माणसांची आहे.”

“मग बसा निवांत. इथे मी एकटाच आहे.”

पहिली जागा, दुसरी, तिसरी. आत्या हातातलं घड्याळ बघायची, मग ते बरोबर आहे का म्हणून फोन बघायची. बादली ठेवण्याच्या वेळेत कप्तान एक मिनिट इकडेतिकडे करेना. आत्या हिरमुसली.

आठवी जागा नदीच्या तोंडाशी. पाण्याला आधण आल्यासारखं बुडबुड, बुडबुड चाललेलं. कप्तानने चक् केलं, वल्हं मारलं आणि नाव पन्नास पावलं लांब, आरशासारख्या पाण्यात नेली. बादली तिथे ठेवली.

“अहो, इकडे कुठे?”

“तिथे बुडबुडे होते ना.”

“मग?”

“मग काय, घाण नमुना आणू तुम्हाला?”

“हे कोणी शिकवलं तुम्हाला?”

कप्तानने मान तिरकी केली, बोट नाचवलं आणि थेट आत्याच्याच किनऱ्या आवाजात म्हणाला, “‘बुडबुडा दिसला की नमुना बाद! एकसुद्धा चालणार नाही, सांगून ठेवते!’ पहिल्याच दिवशी, ताई. चार वर्षं पाळतोय.”

आत्याचा चेहरा पडला. ती बोलली होती बाटल्यांबद्दल. बाटलीत हवा शिरली की पाण्यातला वायू नीट मोजता येत नाही. पण तलावातल्या बुडबुड्यांतूनच तर मिथेन पळत होता! ज्या दारातून चोर जायचा, त्या दाराला कप्तान इमानेइतबारे वळसा घालत होता. तिच्याच हुकमाने.

शुक्रवारी तिच्याकडून सगळं ऐकून ऑफिसातले साहेब म्हणाले, “एवढंच ना? नावाड्याची चूक लिहा. दुसरा ठेवू. अहवाल अडायला नको.”

“उपाय फारच चटकन सापडला तुम्हाला,” आत्या डोळे बारीक करून म्हणाली. तिने तक्रार फाडली आणि अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं: आकडे खऱ्यापेक्षा कमी आहेत. बुडबुड्यांच्या जागा टाळल्या गेल्या. अर्धवट सूचना माझी. खाली सही. अहवाल अडला. मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या फेरीला आत्या धक्क्यावर गेली. “कप्तान, बाटलीत बुडबुडा नको. तलावात असला तरी बादली ठरलेल्या जागीच ठेवायची. कळलं?”

“कळलं. पण लिहून द्या.”

तिने लिहून दिलं. कप्तानने कागद उजेडात धरला, दोनदा वाचला, उलटून मागची बाजू पाहिली. मग डोळे बारीक करून म्हणाला,

“आणि सही?”