गोधडीतली देग

मुबारक बावर्चीच्या खलियाची सगळी मिजास गोधडीत होती. सांजेला खलियाच्या मटणाची मोठी देग चुलीवरून उतरवायची, झाकणाच्या कडेला कणीक लिंपायची आणि वरून दोन गोधड्या गुंडाळायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी दावतीत ती उघडली, की तो कोमट, मुरलेला रस्सा नानसंगं माणसं ओरपत बसायची. वाढण्याआधी एकदा उकळून घे असं कुणी म्हटलं, की मुबारक खेकसायचा, "तर्री मोडती. आन् लिंबू पिळतो ना मी? त्याच्यापुढं काय टिकतंय?"

त्याच्याकडं बारा वर्षं केसरबाई मसाला वाटायची. एकदा पाट्यावरूनच हसत म्हणाली, "मुबारकभाई, विरजण लावलं की दह्याचं गाडगं मी बी असंच गुंडाळते. बघा हं, देगीचं दही व्हईल."

"तू मिरच्या वाट. बावर्ची मी हाय."

चार वर्षांमागं एका दावतीनंतर साठेक माणसं पोट धरून बसली. नवरीचा बाप औरंगपुऱ्यात मुबारकच्या दारात येऊन बोंबलायला लागला. गल्ली गोळा झाली. मुबारक घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाला जवळचं जे सापडतं ते त्यानं पुढं ढकललं. "सहा तास रटरटलेल्या मटणात काय जित्तं राहतंय? ह्या बाईचे हात बघा! धुवायची अक्कल नाय हिला."

केसरबाईनं हात पदराखाली घेतले. त्या दिवसापासून तिच्या हातचा मसाला कुणी घेईना. ती भावाकडं लासूर स्टेशनला निघून गेली.

मुबारकनं मिक्सर घेतला. गोधडी तीच राहिली. आणि यंदा बजाजनगरच्या दावतीत पुन्हा तेच झालं. ह्या बारीला अन्न तपासणीच्या श्रेयाताई येऊन देगीतला नमुना घेऊन गेल्या. अहवाल आला तेव्हा त्यांनी त्याला बसवून सांगितलं.

"चाचा, हे जंतू टणक कवचाचं बी होऊन राहतात. उकळीत हे बीज मरत नाही, लिंबानंही त्याला काही होत नाही. देग तासन्‌तास कोमट राहिली, की ते रुजतं. तुमच्या गोधडीनं त्याला ऊब दिली."

"आन्... मसाला वाटणाऱ्याचे हात?"

"हातांचा काय संबंध? ते मांसात, मसाल्यात आधीच असतं. रुजलं की त्याचं कवच जातं, तेव्हा वाढायच्या आधी खदखदून उकळलं असतं, तरी ते मेलं असतं."

मुबारकच्या कानात केसरबाईचं ते दह्याचं गाडगं वाजायला लागलं.

दुसऱ्या दिवशी तो लासूरला गेला. केसरबाई एका आडत्याच्या ओट्यावर कांदे निवडत होती. उठली नाही.

"केसरबाई, तुझे हात नव्हते. माझी गोधडी व्हती."

"मला तवाच ठावं व्हतं."

"माफ कर."

"हितं कोन ऐकतंय, भाई? हे कांदे? गल्लीत म्हणला व्हता, गल्लीतच म्हणा. चला, मी येते." ती खरंच उठली, पदर झटकला.

मुबारकनं घड्याळात बघितलं. "पुढल्या आठवड्यात दोन दावती हायेत. तेवढ्या व्हऊ दे."

केसरबाई खाली बसली. "व्हऊ द्या," म्हणाली, आणि पुन्हा मान वर केली नाही.

पुढल्या दावतीत देगीवर गोधडी नव्हती. रस्सा खदखदत होता, वाफेनं मुबारकचा चष्मा पांढरा झालेला. यजमानानं हळूच विचारलं, "चाचा, बजाजनगरला काय झालं होतं म्हणं?"

"काय नाय, साहेब," मुबारक चष्मा पुसत म्हणाला, "मसाल्यावर एक बाई व्हती. काढून टाकली तिला."