क्रान्ट्झबाईने धुतलेला सदरा

ओडिलिया क्रान्ट्झला क्लॅम बेंड या नदीकाठच्या गावात दोन गोष्टींसाठी ओळखत: पांढऱ्याशुभ्र चादरी आणि तिखट जीभ. नवरा शिंपल्यांची बटणं कापायच्या कारखान्यात होता. तिथली शिंपल्यांची भुकटी छातीत साठून तो गेला. मागे राहिला तांब्याचा एक मोठा हंडा आणि कारखान्याने फेकलेल्या, भोकं पडलेल्या शिंपल्यांनी भरलेलं परसदार. त्या हंड्यावर ती जगली. गावच्या बेसबॉल संघाचे लोकरीचे सदरे सहा वर्षं दर सोमवारी तिच्याकडेच आले. मंगळवारी ते तारेवर असे झळकत की पाद्रीसाहेबांची बायको वाट वाकडी करून बघायला येई.

१९०८ साली हा संघ, जो एरवी आठांत सातवा, अचानक जिंकायला लागला. जुलैत ओळीने चौदा सामने जिंकले. कप्तान टोबायस गेरिंग, पेशाने न्हावी, जातीने तिच्या दारात येऊन सांगून गेला.

"क्रान्ट्झबाई, फाटलं तर टाका घाला. पण कपड्यांना पाणी लावायचं नाही. नशीब धुऊन जाईल."

"नशीब नाही हो, उवा जातील."

"मग उवाही राहू द्यात. त्यासुद्धा जिंकतायत."

ती हसली. पण पुढे ऑगस्टचा उकाडा आला, आणि पलीकडच्या गावच्या वर्तमानपत्राने छापलं की क्लॅम बेंडचा संघ आल्याचं आधी नाकाला कळतं, त्या गावात धुणंवाली नाही काय? रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर बायकांनी ते मोठ्याने वाचलं.

"ओडिलिया, तुझ्याकडची नदी आटली का गं?"

"नाही गं, बाईच्या हातातला जोर आटलाय," दुसरी म्हणाली.

ओडिलिया पायऱ्या उतरून निघाली, आणि मागे हशा पिकला.

त्याच आठवड्यात लेम्युएल स्टॉडर्डचा सदरा काखेत फाटून तिच्याकडे आला. लेम्युएल संघाचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, वय चौतीस. त्या वयात पिचरचा खांदा म्हणजे गंजलेली बिजागरी. त्याच्या मानेवर गळू झालं होतं, कॉलर टोचत होती, तरी गडी खुशीत होता.

"एवढा हंगाम निभावला ना बाई, की पुढच्या वर्षी नव्या पोरांना शिकवायला मला ठेवणार. गेरिंगने शब्द दिलाय. खांदा गेला तरी पोटाचा प्रश्न सुटला."

"मान तर बघा आधी."

"मान काय, बरी होईल."

पुढे आयुष्यभर ओडिलिया स्वतःला सांगत आली की ते गळू बघून तिला दया आली. दया वगैरे काही नाही. तो सदरा हातात घेतल्यावर तिला त्या पायऱ्यांवरचं हसू ऐकू आलं, एवढंच. तिने हंड्याखाली जाळ केला, सदरा उकळला, घासला, सवयीने नीळही घातली. दुपारी तो तारेवर असा चमकायला लागला की तिने तो घाईने खाली ओढला. मग तिने जे केलं ते कुठल्याही धुणंवालीने केलं नसेल. परसदारची माती मुठीत घेऊन स्वतः धुतलेला सदरा पुन्हा मळवला, टाका घातला, घडी केली आणि पोचता केला.

शनिवारी लेम्युएलच्या चेंडूंवर नऊ धावा निघाल्या. संघ हरला. ओडिलिया शिवलेले मोजे द्यायला कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी उभी होती. आतून फलंदाजामागे चेंडू झेलणारा फिनियस नाक वर करून म्हणाला, "साबण. साबणाचा वास येतोय रे."

सगळे लेम्युएलभोवती जमले. गेरिंगने त्याची बाही नाकाशी धरली, मग दाराकडे वळून विचारलं, "बाई, तुमच्याकडे होता ना हा?"

"माझ्याकडे टाक्याला होता," ओडिलिया म्हणाली. "पाणी मी लावलं नाही."

किती सहज निघालं ते तोंडातून. आवाजही कापला नाही.

लेम्युएलने मान खाली घातली आणि कॉलर चाचपली. कॉलरच्या घडीत शिंपल्याचा एक कण लुकलुकत होता. मैदानाची माती काळी, चिकट; तिच्यात शिंपल्याचा कण सापडत नाही. ओडिलियाच्या परसात मात्र पावलोपावली. तो कण त्याने नखाने काढला, तळहातावर क्षणभर पाहिला आणि मूठ मिटली. ओडिलियाकडे एकदा बघितलं.

"मीच धुतला," तो म्हणाला. "नदीवर. मानेला टोचत होता."

"सांगितलं होतं तुला," गेरिंग म्हणाला.

"हो. सांगितलं होतं."

पुढचे तीन सामनेही हरले, आणि पंधरा दिवसांत लेम्युएलला काढून टाकलं.

त्याला काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ओडिलिया गेरिंगच्या दुकानात गेली. खरं सांगायचंच म्हणून गेली होती. गेरिंग कुणाच्या तरी गालावर वस्तरा फिरवत होता. तोंड न वळवता म्हणाला, "बरं झालं, तो सदरा तुम्ही धुतला नव्हता ते. नाहीतर आमचे कपडे कोणी धुतले असते? ते गाठोडं घेऊन जा. आता सगळं धुवा."

तिने गाठोडं उचललं. लेम्युएलचा सदरा सगळ्यात वर होता.

तो दुसरीकडे निघून गेला असता तर तिला सोपं गेलं असतं. पण त्याने शिंपले काढायची होडी धरली. कारखान्यात माल उतरवून शनिवारी तो तिच्या दारावरून परत जाई आणि टोपी काढून म्हणे, "नमस्कार, क्रान्ट्झबाई." ती चादरींच्या आड सरके. असं अकरा वर्षं चाललं. गाव म्हणे, बाई वयानुसार लाजाळू झाली. गावाला काय कळतं.

एकदा तिने कुंपणापाशी त्याला थांबवलं. तोवर त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. टोपी डाव्या हाताने काढायचा.

"लेम्युएल, त्या सदऱ्याचं—"

"गळू ना? केव्हाच बरं झालं, बाई," तो म्हणाला आणि टोपी घातली.

त्याने मला बोलूच दिलं नाही, असं ओडिलिया पुढे स्वतःला सांगायची. पण तो लगेच गेला नव्हता. कुंपणावर हात ठेवून बराच वेळ उभा होता. तिच्या हातात एक ओला पलंगपोस होता, आणि ती तो पिळत राहिली, पाणी निथळायचं थांबलं तरी.