वेबसाइट कुणाच्या नावावर

मी परभणीची. २००५च्या सुमाराला वेबसाइट करून देणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून पुण्याला आले. ऑफिस बाणेरला आणि राहायला पार सूसच्या पुढे, नांदे गावात. एवढ्या लांब कशाला, असं ऑफिसातले विचारायचे. बाणेरला आणि सूसला मिळून चार घरांनी मला खोली नाकारली होती, एकटी मुलगी नको म्हणून. हे त्यांना काय सांगणार, मी आपली म्हणायचे, हवा चांगली आहे.

नांद्यातल्या काकूंनी मला एकच प्रश्न विचारला होता. "तांदळाची भाकरी येती का करायला?" मी ज्वारीवाली, नाही म्हणाले. "मग ऱ्हा. शिकवीन," म्हणाल्या आणि खोलीचं कुलूप काढलं. पण मागून त्यांचे दीर आले, मला वरून खालपर्यंत पाहिलं, आणि "बरं, ऱ्हाऊ द्या," असं म्हणाले तेव्हाच माझी ट्रंक आत गेली. काकूंचे यजमान जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. घर आणि ओढ्याकडची भाताची खाचरं काकू आणि दीर यांच्यात सामाईक. काकू त्यांना भावजी म्हणायच्या, गाव भाऊ म्हणायचं. भाऊ जमिनींची एजंटगिरी करायचे. खोली काकूंची, पण शब्द भाऊंचा, हे मी पहिल्याच दिवशी शिकले आणि नको तितकं नीट शिकले.

ऑफिसात माझं काम म्हणजे नवीन गिऱ्हाइकांशी बोलायचं आणि त्यांच्या वेबसाइटचा मजकूर लिहायचा. 'आमच्याविषयी' नावाचं पान मी इतक्यांदा लिहिलंय की अजून तो शब्द पाहिला की मी पुढच्या पानावर जाते. कुणी नट-बोल्ट बनवतोय, कुणी शाळा चालवतोय, प्रत्येकाला मूल्यं हवीत, दृष्टी हवी. ती मीच पुरवायचे. पण एक गोष्ट मी मनापासून सांगायचे. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, संस्थेच्याच नावावर घ्या. साहेबांच्या मेव्हण्याच्या नको, वेबसाइट करून देणाऱ्याच्याही नको. ज्याच्या नावावर डोमेन, त्याची वेबसाइट. उद्या त्याच्याशी बिनसलं, तर तुम्ही आपल्याच दारात परके. हे मी टेबलावर बोट आपटून सांगायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ते माझ्यासारख्यांनाच.

काकू गावातल्या बचत गटाच्या अध्यक्ष होत्या. बारा बायका. हातसडीचा इंद्रायणी तांदूळ, तांदळाचे पापड, कुरडया. माझ्या ऑफिसातल्या दोघांनी तांदूळ नेला, मग चौघांनी, आणि कुणीतरी म्हणालं की यांची वेबसाइट कर ना. मी रविवारी बसून केली, हौसेनं. आवणीच्या, म्हणजे भात लावायच्या दिवसांत काकू खाचरात गुडघाभर चिखलात, हातात रोपांची जुडी, असा फोटो काढला. शेजारी काय लिहू म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "लिही, हितलं पाणी कधी आटत न्हाई. आमच्या सासूबाई सांगायच्या." मी तसंच लिहिलं. आयुष्यात लिहिलेलं ते एकच वाक्य खरं होतं.

डोमेन घ्यायच्या दिवशी बायका ओसरीवर जमल्या. मी ऑफिसचा लॅपटॉप मांडीवर घेतलेला. मालकाचं नाव, असा रकाना आला. मी गटाचं नाव लिहायला लागले तेवढ्यात भाऊ आले. पैसे भरायला कार्ड त्यांचंच होतं, ईमेलही सगळ्या घरात त्यांचाच. "मॅडम, नाव माझं टाका. मेल बी माझाच. बायकांना कुटं त्ये बघायला जमतंय," म्हणाले. गटाच्या सचिव बाई लगेच म्हणाल्या, "व्हय, कर्त्या माणसाचं नाव असल्यालं बरं. आमच्यात रेशनकार्डबी त्यांच्याच नावावर असतंय." सगळ्या हसल्या. काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, "हितं बायकांच्या नावावर चूल सुद्धा न्हाई, पोरी. टाक त्यांचं." आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. माझी बोटं थांबलेली त्यांनी पाहिली होती.

मला बोलायचं होतं. रोज पाच जणांना सांगते ते इथं एकदा सांगायचं होतं. पण भाऊ उभे होते, आणि माझी ट्रंक त्यांच्या शब्दावर आत होती. मी मूग गिळले आणि त्यांचं नाव टाकलं. वर आणि ईमेलचं स्पेलिंग बरोबर आहे ना, असं त्यांना दोनदा विचारलं. कामात मी चोखच होते.

दोन वर्षं मात्र झकास गेली, हेही सांगायला हवं. रविवारी हिंजवडीची जोडपी यायची, काकू सतरंजी टाकायच्या, चहा द्यायच्या, तांदूळ हुंगायला लावायच्या. ऑर्डरचे मेल माझ्या ऑफिसच्या पत्त्यावरही यावेत अशी सोय मी करून ठेवली होती. संध्याकाळी मी दारात पाय ठेवला की काकू विचारायच्या, "आलंय का कुणाचं?" आलेलं असलं की सगळा मेल वाचून दाखवायला लावायच्या, अगदी खालच्या नावासकट. लांबच्या माणसानं आपल्या गटाचं नाव लिहिलंय, याचंच त्यांना अप्रूप होतं. खाचरं विकायची भाऊंची भुणभुण तेव्हाच सुरू झाली होती. काकूंची सही नसेल तर विकता येत नव्हतं, आणि काकू सही देत नव्हत्या. "माझ्या गटाचा तांदूळ कुटनं आणू मग?" एवढंच त्यांचं उत्तर.

मग मेल यायचे थांबले. मला वाटलं, असेल पावसाळा. मी वेबसाइट उघडूनही पाहिली नाही. ऑफिसात तेव्हा मी मोठ्या गिऱ्हाइकांकडे गेले होते ना.

एका रविवारी गाडी आली. नवरा-बायको उतरले, हातात छापलेला कागद. काकूंनी सतरंजी टाकली, आधण ठेवलं. त्या बाईनं कागद पुढे केला आणि विचारलं, "यातला चार नंबरचा प्लॉट कुठला? आम्हाला पाण्याजवळचा हवाय." काकूंना वाचता येत होतं, पण चष्मा नव्हता, म्हणून कागद माझ्याकडे दिला. वर आमच्याच वेबसाइटचा पत्ता. खाली काकू चिखलात उभ्या, हातात रोपांची जुडी. आणि फोटोवर मोठ्या अक्षरात: बंगलो प्लॉट्स, इथलं पाणी कधी आटत नाही.

मी वाचलं. मोठ्यानं वाचावं लागलं, कारण काकू विचारत होत्या, "काय लिवलंय?"

ते जोडपं बिचारं माफी मागत गेलं. पण त्यांच्या आधी किती जण खाचरांवर फिरून गेले होते कोण जाणे. गावात बातमी पोचलेली होती, फक्त काकूंपर्यंत आली नव्हती. गटाच्या बैठकीत सचिव बाई त्यांना तोंडावर म्हणाल्या, "आमाला तांदूळ पिकवा म्हनायचं आन् सोता प्लॉट पाडायचं. फोटोत तूच हायेस की." काकूंनी सांगून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. फोटो खोटं बोलत नाही म्हणतात, आणि तो फोटो तर मीच काढलेला. महिन्याभरात त्यांनी अध्यक्षपद सोडलं.

गटाची पानं काढून भाऊंनी त्याच पत्त्यावर प्लॉटची जाहिरात चढवली होती. मी त्यांच्याकडे गेले. भांडलेच. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, नाव माझं हाय. तुमीच टाकलंय." डोमेन विकणाऱ्या कंपनीला मी तीन मेल लिहिले. उत्तर एकच: नोंदलेल्या मालकाच्या परवानगीशिवाय बदल करता येत नाही. असंच उत्तर मी स्वतः किती जणांना दिलं होतं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या होत्या मी, आणि पावतीही घेतली नव्हती.

काकूंनी मला बोल लावला नाही. उलट गल्लीत कुणी माझं नाव काढलं, तर म्हणायच्या, "तिला काय ठावं? ती बाहेरची पोर." मला ते ऐकू यायचं, आणि मी त्या वाक्याच्या आडोशाला खुशाल राहिले. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी सही द्यायचं कबूल केलं. गट नाही, गिऱ्हाईक नाही, गावाच्या लेखी जमीन विकून झालेलीच होती. राखायची ती कुणासाठी?

पौडच्या नोंदणी कचेरीत कागद वाचायला म्हणून त्या मला घेऊन गेल्या. बाकावर बसून मी एकेक ओळ वाचली, जमिनीचा गट नंबर, चतुःसीमा, नावं, सगळं दोनदा. काकू बघत होत्या.

"लई बारीक वाचतीयास गं," म्हणाल्या. मग, "त्या दिवशी वसरीवर तुजी बोटं थांबली व्हती. नाव कुणाचं टाकायचं, तुला ठावं व्हतं का?"

खोटं बोलता आलं असतं. त्यांनी तर उत्तर इतके महिने तयार ठेवलं होतं माझ्यासाठी.

"ठाऊक होतं, काकू."

त्यांनी माझ्या हातातून कागद घेतला. "मी समद्यास्नी सांगत आले, पोरीला ठावं न्हवतं," म्हणाल्या, आणि आतून नाव पुकारलं तशा उठल्या. मी बरोबर उठले, तर हातानं बस म्हणाल्या. सही करायला त्या एकट्याच आत गेल्या.

महिनाअखेरीला मी खोली सोडली. किल्ली घ्यायला भाऊ आले होते.