चकव्याची किंमत

"चकव्याचं बळ एकाचं दोन करतोय. फाइल प्रिंटिंगला जायची आहे. तुम्ही फक्त ओके म्हणा," निखिल सर पुण्याच्या ऑफिसमधून फोनवर म्हणाले.

मी तेव्हा यवतमाळच्या बसस्टँडमागे रशीदभाईंच्या गॅरेजमध्ये उभी होते. स्कूटीचा मागचा ब्रेक लागत नव्हता.

"ओके नाही म्हणत," मी म्हटलं. "बळ वाढवायचं सोडा, आहे तोच पत्ता जास्त झालाय."

"मॅडम, ऑफिसमध्ये सगळे म्हणतात चकवा कमजोर आहे. आणि तुम्ही जास्त म्हणता? कॉम्प्युटरच्या सिम्युलेशनमध्ये तर निम्मे डाव जिंकतो, निम्मे हरतो. एक बळ वाढलं तर काय बिघडेल?"

"तुमच्या ऑफिसातले लोक कसले डेक लावून खेळतात ते एकदा बघा. मी रविवारी इथे टेस्ट लावते आणि सोमवारी सांगते."

"सोमवारच्या पुढे नका नेऊ," ते म्हणाले. रशीदभाईंनी ब्रेक दाबून दाखवला आणि विचारलं, "रविवारी मी पण येऊ ना, ताई?" ते माझ्या टेस्ट ग्रुपमध्ये होतेच.

माझं काम लोकांना सांगताना जरा पंचाईत होते. पुण्याच्या एका कंपनीत मी बॅलन्स टेस्टर आहे, यवतमाळहून, घरी बसून. त्याआधी इथल्या कॉलेजात काँट्रॅक्टवर स्टॅटिस्टिक्स शिकवायची. कंपनी पत्त्यांचा खेळ काढते. रमीचे पत्ते नाहीत, पाकिटं घेऊन जमवायचे पत्ते. प्रत्येकावर एक पात्र, त्याचं चित्र आणि त्याची ताकद. जमवलेल्या पत्त्यांतून निवडून प्रत्येक जण आपला गठ्ठा बांधतो, त्याला डेक म्हणतात. नवा संच छापण्याआधी त्यातला एकेक पत्ता खेळात खरोखर केवढ्याचा आहे, हे मी ठरवते. शेजारच्या काकू विचारतात, "म्हंजे तू दिवसभर पत्तेच खेळते?" मी हो म्हणते. खोटं कुठे आहे त्यात?

खेळ थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पहिल्या पाळीला एक दाणा मिळतो, दुसरीला दोन, तिसरीला तीन, असे वाढत जातात. दाणे देऊन हातातलं पात्र मैदानात आणायचं. आलेलं पात्र लगेच मारत नाही, आपल्या पुढच्या पाळीपासून मारतं. समोरच्याची वेस जो आधी पाडेल तो जिंकला. छोटं पात्र स्वस्त, पण घाव बारीक. मोठं महाग, पण घाव मोठा. आमचा वाघ पाच दाण्यांचा आहे.

चकवा तीन दाण्यांचा. तीन दाण्यांत साधारण तीन बळ मिळावं, हा आमचा ठोकताळा. चकव्याचं बळ होतं फक्त एक. मात्र पत्त्यावर खाली एक ओळ होती: चकवा मैदानात आला की समोरच्याचं एक पात्र त्याच्या हातात परत जातं. मरत नाही. पुन्हा दाणे मोजले की पुन्हा येतं. म्हणून ऑफिसला वाटलं, हा नुसता त्रास देतो, बिघडवत काही नाही.

नवा खेळाडू आधी बळाचा आकडा बघतो. मी आधी बघते की हा पत्ता पडला तर समोरच्याचं काय जातं. समजा समोरच्यानं पाचव्या पाळीला वाघ आणला. त्या पाळीचे सगळे दाणे त्यात गेले. मी तीन दाण्यांचा चकवा टाकला. वाघ परत हातात. त्याचे पाच गेले, माझे तीनच, आणि वाघ पुढच्या पाळीला जो घाव घालणार होता तोही गेला. याला आम्ही टेम्पो म्हणतो. मालवाहू टेम्पो नाही बरं. टेम्पो म्हणजे खेळातला वेळ. पात्र मारण्यापेक्षा कधीकधी त्याचा वेळ खाणं जास्त लागतं.

हे एकदाच घडलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण आमच्या जुन्या संचात गुराखी नावाचं एक पात्र होतं. तो मैदानात असला की दर पाळीला एक दाणा देऊन आपलंच एखादं पात्र हातात परत घेता येतं. त्याच्याकडे आजवर कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता गुराख्यानं एका दाण्यात चकवा परत घ्यायचा आणि तीन दाण्यांत पुन्हा टाकायचा. चार दाण्यांत दर पाळीला समोरच्याचं मोठं पात्र घरी. ते कधी घाव घालूच शकणार नाही. ऑफिसात हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण तिथे सगळे छोट्या पात्रांचे झटपट डेक खेळतात. लंच ब्रेकमध्ये डाव संपला पाहिजे ना.

त्याच संध्याकाळी प्रणालीचा फोन आला. प्रणाली राठोड आमच्या कंपनीतली नवी डिझायनर. चकवा तिनं बनवलेला, त्यावरचं चित्रही तिचंच. सुट्टी घेऊन ढाणकीला घरी आलेली होती.

"ताई, निखिल सर म्हणत होते तुम्ही चकवा अडवून राह्यल्या. काहून?"

"अडवला नाही, तपासून राहिली."

"माहा पहिलाच पत्ता आहे, ताई. घरी सगळ्यायले सांगून बसली मी. संचातून काढसाल काय?"

खोटा धीर देणं मला जमत नाही. "आत्ता आहे तसा जाऊ देणार नाही," मी म्हटलं. "पण तू ये रविवारी. तुझा पत्ता तूच खेळ, आणि समोरच्याकडे बघ."

ती सकाळच्या बसनं आली. माझ्या हॉलमध्ये सतरंजी टाकून ठेवली होती. रशीदभाई आले. सुजाता आली. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे, माझी शाळेपासूनची मैत्रीण. दोघांचा खेळ एकदम वेगळा. रशीदभाईंना मोठी पात्रं आवडतात. सुजाता उंदीर, टिटवी, मुंगूस असली बारकी सेना घेऊन येते आणि समोरच्याला सावरू देत नाही. टेस्टर असेच लागतात, एकमेकांसारखे नसलेले. मी प्रणालीच्या हातात चकवा आणि गुराखी घातलेला डेक दिला आणि पहिल्यांदा रशीदभाईंच्या समोर बसवली.

पाचव्या पाळीला रशीदभाईंनी वाघ आणला. प्रणालीनं चकवा टाकला. वाघ परत.

"कोई बात नहीं," रशीदभाई म्हणाले आणि पुढच्या पाळीला पुन्हा वाघ आणला. गुराखी, चकवा, वाघ परत. तिसऱ्यांदाही तेच. मग त्यांनी वाघ हातातच ठेवला आणि पाळी सोडून दिली. त्यांच्या पुढच्या पाळीला त्यांनी मोबाइल काढला.

"रशीदभाई, खेळा ना," प्रणाली म्हणाली.

"काय खेळू बेटा? आणला तरी जाते, नाही आणला तरी बसूनच राह्यतो. तू वेस पाडून घे, मी पाहून राह्यलो."

प्रणाली जिंकली. तिनं वर पाहिलं नाही.

मग सुजाता बसली. तिनं दोन उंदीर आणि एक टिटवी आणली. प्रणालीनं चकवा टाकून एक उंदीर परत पाठवला. सुजातानं एका दाण्यात तो पुन्हा आणला आणि वर एक मुंगूस बसवलं. चकव्यात घातलेले तीन दाणे पाण्यात गेले. चहा निवायच्या आत प्रणालीची वेस पडली.

दिवसभर आम्ही हेच आलटून पालटून खेळलो. डेक बदलले, माणसं बदलली, मीही बसले. मोठ्या पात्रांसमोर चकवा जवळपास दर वेळी जिंकायचा, छोट्यांसमोर जवळपास दर वेळी हरायचा. कॉम्प्युटरनं दोन्ही मिळवले आणि निम्मे-निम्मे असा निकाल दिला. आकडा खरा होता. पण एकही डाव अटीतटीचा झाला नव्हता. कोण कोणता डेक घेऊन बसलंय हे कळलं की निकाल कळायचा.

मी हे समजावून सांगत होते तर सुजाता म्हणाली, "आमच्या वॉर्डात एक जण तापानं फणफणून राह्यला अन् दुसऱ्याचं अंग गार पडलं, तर सरासरी काढून दोघायले घरी पाठवू काय?"

प्रणाली हसली नाही. तिनं चकव्याचा नमुना पत्ता सतरंजीवर ठेवला. "काढून टाका ताई. तुमचंच बरोबर आहे."

"काढायचाच असता तर फोनवर सांगितलं असतं," मी म्हटलं. "तुला बसचा त्रास कशाला दिला असता? बस खाली."

मला तोवर खात्री होती की पत्ता वाचवता येतो. कसा, ते सापडायचं होतं. आधी सगळ्यात सोपा उपाय करून पाहिला, तीनाचे चार दाणे केले. छोट्यांसमोर तो आणखीच निकामी झाला. मोठ्यांसमोर तीच कोंडी, फक्त एक पाळी उशिरा. महाग केल्यानं नुसता उशीर होतो, दुखणं जात नाही. मग परत जाणाऱ्या पात्राच्या बळावर मर्यादा घातली. तेव्हा वाघावर चकवा चालेना, आणि वाघावर न चालणारा चकवा कोण डेकमध्ये घेईल?

जेवणं झाली. मी प्रणालीला विचारलं, "थोडा वेळ खेळ सोड. चकवा लागतो म्हणजे नेमकं काय होतं? तुमच्याकडे काय सांगतात?"

"माह्या बापूले लागलता ना एकदा. वावरातून तांड्यावर येऊन राह्यले होते. रोजची वाट, तरी एका बाभळीलेच फेरे मारत राह्यले. शेवटी खाली बसले, बिडी ओढली, मंग दिसली वाट."

"पुढे?"

"पुढे काय? आता ते म्हणतात, त्या वाटेनं मी डोळे मिटून येतो. एकदा चुकलेला माणूस दुसऱ्या खेपेले लवकर येते."

"थांब," मी म्हटलं. "हेच पत्त्यावर लिही."

तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि झटकन पेन घेतला. हा तिचा गुण मला आवडतो. लिहिलं ते असं: चकवा आला की समोरच्याचं पात्र हातात जात नाही, मैदानाच्या कडेला, वाटेवर, उघडं पडून राहतं. तिथून मैदानात परत यायला त्याला दोन दाणे कमी लागतात.

मी लगेच हिशेब मांडला. वाघ परत यायला पाचाऐवजी तीन दाणे. चकव्यालाही तीनच. बरोबरीचा सौदा. गुराख्याचा खेळ लावला तर दर पाळीला माझे चार जाणार आणि समोरच्याचे तीन, म्हणजे कोंडी घालणाराच घाट्यात. तरी ऐन घावाच्या आधी वाघाला एकदा थोपवायचं असेल तर चकव्यासारखा पत्ता नाही. कधी टाकायचा, हे आता खेळणाऱ्याला ठरवावं लागणार होतं. आधी ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

रशीदभाईंना पुन्हा बसवलं. वाघ आला, वाटेवर गेला. पुढच्या पाळीला त्यांनी तीन दाण्यांत तो परत आणला आणि उरलेल्या दाण्यांत एक रानडुक्कर उभं केलं. प्रणाली विचारात पडली. चकवा आता टाकू की राखून ठेवू? रशीदभाई पुढे सरकून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. मोबाइल खिशातच होता. तो डाव प्रणाली थोडक्यात हरली. दुसरा ती जिंकली. तेव्हा रशीदभाई म्हणाले, "और एक. घरी सांगतलं आहे मी, उशीर होईल म्हणून." सुजातासमोर चकवा अजूनही पडता होता, पण प्रत्येक पत्ता प्रत्येकासमोर चालला पाहिजे असा नियम नाही. डेकमध्ये किती घ्यायचे, हा खेळणाऱ्याचा प्रश्न.

सोमवारी मी निखिल सरांना सगळं सांगितलं. त्यांना काही ते आवडलं नाही.

"मॅडम, पत्त्यावर एक ओळ वाढते. नियमांच्या पत्रकात वाट म्हणून नवी जागा येते. पोस्टरवर चकवा आहे आपला."

"पोस्टर राहू द्या. चित्र बदलत नाही."

"आणि निकाल तर आधीही निम्मे-निम्मेच होता."

"सर, एक करा. मोठ्या पात्रांचा डेक घ्या आणि जुन्या चकव्यासमोर स्वतः बसा. मग ठरवा. तुम्ही जुना छापा म्हणालात तरी माझ्या रिपोर्टमध्ये नाहीच असेल, हे आधीच सांगते."

दुपारी त्यांचा फोन आला. आवाज बदललेला. "तीन डाव बसलो. एकदाही काही करता आलं नाही हो. शेवटी मीच उठलो. प्रणालीला म्हणावं, नवी ओळ पाठव." मी फोन ठेवला आणि तिला कळवलं. तिनं ओळ आधीच टाइप करून ठेवलेली होती.

संच छापून आला त्यानंतर वणीच्या एका दुकानात स्पर्धा होती. प्रणाली आणि मी बघायला गेलो. आम्ही कोण, हे कुणाला सांगितलं नव्हतं. एका टेबलावर दोघं नुकताच डाव संपवून वाद घालत होते. हरलेला म्हणत होता, "चकवा लय जास्त झाला. बॅन कराले पाहिजे." जिंकलेला म्हणत होता, "कायचा जास्त? मी गुराख्यासोबत लावून पाहिला, काहीच कामाचा नाही. तपासणाऱ्यानं खेळूनच नाही पाहिलं वाटते."

प्रणाली तोंड उघडणार होती. मी तिचा हात दाबला.

वाद तसाच ठेवून दोघांनी पुन्हा पत्ते पिसायला घेतले. माझ्या धंद्यात हीच पावती. एकाच टेबलावरचे दोघं पत्त्याबद्दल उलटसुलट तक्रार करतात आणि तरी कोणी खुर्चीवरून उठत नाही, तर त्या पत्त्याची किंमत बरोबर लागलेली आहे. शाबासकी मिळेल म्हणून मात्र थांबू नये. आम्ही रसवंतीवर रस प्यायलो आणि यवतमाळची बस धरली.