गाजराचे साथीदार

भामाबाई माझी मोठी जाऊ. तिच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे, आणि त्या भिंतीवरही तिचा विश्वास नाही. उमापुरात आमच्या गल्लीत कुणाचं काही हरवलं की लोक आधी तिला विचारतात. वस्तू कधीच सापडत नाही, पण नावं भरपूर मिळतात.

स्वतःच्या म्हशीचं, स्वतःच्या पोरानं काढलेलं दूधही ती बोट बुडवून बघते. गॅसची टाकी आली की आणणाऱ्यादेखत हलवून बघते. आणि पिठाचा डबा बंद करताना वरचं पीठ सपाट करून त्यावर उजव्या हाताची चार बोटं दाबून ठेवते. कुणी मूठभर जरी काढलं तरी ठसा मोडतो. एकदा साखरेच्या डब्यावरून तिनं माझंच नाव घेतलं होतं. पुढचा पोळा येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नव्हते. पण भिंत एक असली की माणूस किती दिवस रुसणार?

तर गोष्ट यंदाच्या हिवाळ्याची. दिवाळीनंतर माझे मोठे दीर, म्हणजे भामाबाईचे मालक मुंजाजी, तापानं पडले. जन्मभर शेरडं राखलेला माणूस, कधी डोकं दुखलं म्हणून आडवा झालेला मी बघितला नव्हता. ताप उतरला, पण जेवण उतरेना. दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. बीडच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, ताकद हळूहळू येईल, खाऊ घाला. भामाबाईला आधी डॉक्टरचा संशय आला, मग गोळ्यांचा, आणि शेवटी सुनेचा.

सून उज्ज्वला परळीकडची. लग्नाला फार दिवस झालेले नाहीत. स्वयंपाक तिच्याकडे होता. पोरीच्या हाताला चव नाही म्हणून सासरा उपाशी राहतोय, असं भामाबाईनं ठरवलं आणि चूल आपल्या ताब्यात घेतली. त्यांच्या आवडीची येसराच्या मसालेदार पिठाची आमटी केली, ठेचा केला, बाजरीच्या भाकरीवर घरचं लोणी दिलं. दिरांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. मग भामाबाई म्हणायला लागली, मी पाठ फिरवली की ही पोरगी आमटीत काहीतरी टाकते. मी म्हटलं, आक्का, काय टाकेल ती? तर म्हणे, ते कळलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं.

अशातच डबे कमी व्हायला लागले. ओव्याच्या बरणीला आतून भामाबाईची कोळशाची रेघ होती, ओवा रेघेच्या खाली गेला. मग जिरं, मग बडीशेप. बाळंतशोपाची पुरचुंडी निम्मी झाली. बांधावरचा शेपू कुणीतरी खुडून नेलेला दिसला. आणि गोठ्याजवळ गाजरांचा ढीग होता. यंदा अंगदनं, म्हणजे भामाबाईच्या पोरानं, एका तुकड्यात म्हशीसाठी गाजरं लावली होती. त्या ढिगातलीही चांगली चांगली, कोवळी गाजरं नाहीशी व्हायला लागली. आमच्याकडे गाजर गुरांनी खायचं. माणसांनी खायचं ते भोगीच्या भाजीत, तेही इतर दहा भाज्यांच्या गर्दीत.

भामाबाई दुपारी माझ्या ओसरीवर येऊन बसली आणि बोटं मोडत हिशेब मांडायला लागली. ओवा, शोपा, जिरं, शेपू. हे सगळं कुणाला लागतं? बाळंतिणीला. आणि परळीला उज्ज्वलाच्या बहिणीचे दिवस भरत आलेले.

"माझ्या घरातून माहेरचं बाळंतपण चाललंय," ती म्हणाली.

"आणि गाजरं?" मी विचारलं.

गाजरांपाशी ती जरा अडली. मग म्हणाली की बहिणीला रक्त कमी असंल, डॉक्टरनं गाजर सांगितलं असंल. खोटं कशाला बोलू, हिशेब मलाही पटला. संशय हा असा असतो, एकदा ओळीत बसला की सगळं त्यातच बसायला लागतं. मी त्या पोरीच्या पिशवीकडे बघायला लागले, फोनवर ती काय बोलते त्याला कान द्यायला लागले. मला माझीच लाज वाटते आता.

संध्याकाळी भामाबाईनं अंगदसमोर सगळं काढलं. उज्ज्वला आधी हसली, तिला वाटलं सासू गंमत करते. मग तिला कळलं, आणि तिचं तोंड उतरलं. ती ओरडली नाही. सकाळी मला माहेरी सोडा, एवढंच म्हणाली. परत कधी येणार हे तिनं सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती झाली नाही. अंगद आईला म्हणाला की ती गेली तर मीही वेगळं बिऱ्हाड करीन. दीर खाटेवर बसून ऐकत होते. त्यांनी तोंड उघडलं, परत मिटलं.

भामाबाई काही कच्ची नाही. झोपण्याआधी तिनं धन्याच्या पुडीचा डबा सपाट केला आणि चार बोटं दाबून ठेवली. जाता जाता पोरगी हात मारणारच, असं तिचं म्हणणं.

सकाळी उज्ज्वलानं आपली पिशवी अंगणात आणली आणि माझ्यासमोर ठेवली. काकी, तुम्ही बघा, म्हणाली. मी हात लावेना तर तिनंच पालथी केली. दोन साड्या, गाऊन, फोनचा चार्जर, देवीचा फोटो. अंगद गाडी काढून उभा होता, तिला गेवराईच्या स्टँडवर सोडायला. तेवढ्यात भामाबाई धन्याचा डबा घेऊन बाहेर आली. डोळ्यांत जिंकल्याची चमक.

"ह्ये बग. ठसा मोडून परत दाबलाय."

मी वाकून बघितलं. पुडीवर चार बोटांचा ठसा होता. तीन बोटं लांब होती आणि अंगठ्याजवळचं एक निम्मंच. आमच्या गावात निम्म्या बोटाचा माणूस एकच आहे. मुंजाजींचं ते बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलंय.

मी भामाबाईकडे बघितलं. तिनंही ठसा ओळखला होता, ते मला दिसलं. पण लगेच म्हणाली, "लई हुशार हाय पोरगी. बोट दुमडून दाबलंय, सासऱ्यावर यावं म्हणून."

मी तिचा दंड धरला आणि दीर सकाळचे जिथं बसायचे त्या शेरडांच्या वाड्याकडे तशीच ओढत नेली. मागून अंगद आणि उज्ज्वलाही आले.

दीर वाड्यात दगडावर बसले होते. पुढ्यात पेपर पसरलेला, त्यावर गाजराचे काप आणि चिमूट चिमूट ढीग. ओवा, जिरं, शोपा, धन्याची पूड, शेपूची काडी. एक काप उचलायचे, एका ढिगाला लावायचे, तोंडात टाकायचे आणि डोळे मिटून चघळायचे. मग दुसरा. आम्हाला बघून त्यांनी हात मागं घेतला.

हळूहळू बोलले. तापानंतर तोंडाची चव गेली होती. आमटी म्हणजे गरम पाणी, भाकरी म्हणजे माती. एकदा म्हशीला टाकताना गाजराचा तुकडा तोंडात टाकला तर कुठंतरी जराशी गोडी लागल्यासारखं वाटलं. मग त्याला जोड शोधायला लागले. शेरडं राखणाऱ्या माणसाला जोड कशी सुचणार? शेरडं गाजराचा पाला खाऊन पुढं कशाला तोंड लावतात ते त्यांनी बघितलं. शेपूला, कोथिंबिरीला. ह्या सगळ्यांना फुलं एकसारखीच येतात, छत्रीवाणी. मग घरात त्याच जातीचं जे जे होतं ते एकेक करून आणलं.

"सांगितलं कावून न्हाई?" भामाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"तुज्या हातचं मला लागंना, ह्ये कोन्त्या तोंडानं सांगू तुला?" दीर म्हणाले.

मग दीर सुनेकडे बघून म्हणाले की सापडलंय आता. गाजर आन् शेपू. वर भाजलेलं जिरं. ते लागतंय, चांगलं लागतंय. तू करून घाल, पोरी.

उज्ज्वलानं पिशवी आत नेली. भामाबाईनं माफी मागितली नाही, ती तिच्या रक्तात नाही. पण डबे सगळे उचलून चुलीपाशी सुनेजवळ नेऊन ठेवले, आणि धन्याची पूड हलवून त्यावरचा ठसा मोडून टाकला. दुपारी दिरांनी गाजर-शेपूच्या भाजीशी अख्खी भाकर खाल्ली. उज्ज्वला वाढताना रडत होती. मीही तिथंच जेवले, आणि भाजी खरंच झकास झाली होती. गाजराचा गोडवा शेपूच्या उग्रपणात बसतो, आणि जिरं दोघांना धरून ठेवतं. इतकी वर्षं आम्ही ते म्हशीला घालत होतो.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण आठवडाभरानं भामाबाई परत माझ्या ओसरीवर आली. पदर तोंडाला लावून बसली. मला वाटलं, आता कुणाचा नंबर?

उज्ज्वला बहिणीकडे बाळाला बघायला परळीला गेली होती, म्हणून भाजी भामाबाईनं केली होती. तिनं मुद्दामच शेपूऐवजी मेथी टाकली, जिरं घातलंच नाही, मीठसुद्धा नाही. आणि ताट दिरांसमोर ठेवलं.

"अख्खी भाकर खाल्ली," ती म्हणाली. "म्हणले, आज शेपू लई ग्वाड लागतोय."

तेव्हा कुठं मला उलगडलं. दिरांच्या तोंडाला काहीच लागत नव्हतं. त्या दिवशी वाड्यातही लागलं नव्हतं. सून उंबरा ओलांडून चालली होती म्हणून त्यांनी चव सापडली असं सांगितलं, आणि तेव्हापासून रोज माती गिळत होते. निदान पोटात अन्न जात होतं.

मी विचारलं, त्यांना बोललीस का? तर मान हलवली. अंगदला? उज्ज्वलाला? त्यांनाही नाही.

"मग आता काय करणार, आक्का?"

ती उठली, पदर खोचला आणि बांधाकडे बघितलं.

"शेपू खुडायचा. रोज घालायचा, नीट फोडणी देऊन," ती म्हणाली. "मला कळलंय, ह्याचा त्येंना संशय याया नगं."