चेंडूलिलीचा वाफा

केशरबाईच्या अंगणात लिली आल्या त्या थोरल्या पोरीच्या हातानं. चंद्रकांता सुटीत जवाहरनगरला मावशीच्या क्वार्टरवर राहून आली आणि येताना पिशवीभर कांदे घेऊन आली. केशरबाईला वाटलं, बहिणीनं भाजीचे कांदे धाडले. ती विळी घेऊन बसलीसुद्धा. पोरगी हसून हसून लोळली.

"माय, हे फोडनीत घातले त सारं घर ओकत बसन!"

वाटेच्या कडांना तिनं गुलाबी पावसाळी लिली लावली, मोरीच्या ओलीला लांब-लांब पाकळ्यांची पांढरी, विहिरीपाशी केशरी. आणि अंगणाच्या मधोमध, पाणी थांबावं म्हणून बशीसारखा खोलगट वाफा करून, चेंडूलिली. ही जेठात फुलते. पान नाही, काही नाही. उघड्या मातीतून नुसता दांडा वर येतो आणि त्याच्या शेंड्याला हा एवढा लालभडक चेंडू.

दोनच जेठ पाहिले पोरीनं. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात काविळीनं गेली.

तिच्यामागं कांद्यांना पिल्लं फुटत गेली, वाफा भरला. शेजारची रत्नाबाई मागून मागून थकली.

"एक दे ना वो. का कमी होईन तुह्या इथं?"

"गुलाबी ने, पांढरी ने, टोपलीभर ने. हे नाई देत. हे पोरीचे हायेत."

"पोरगी का कांद्यात हाये वो?"

"असंन. तुले काय करा लागते?"

त्र्याऐंशीच्या फागुनात पोराचं, घनश्यामचं, लग्न निघालं. केशरबाई भावाला बोलावणं द्यायला चिखल्याला गेली. तिचा नवरा तुलाराम तुमसरच्या राईसमिलात हमाल. भुवयांवर कोंडा घेऊन घरी यायचा, जेवून आडवा व्हायचा. फुलांच्या वाटेला कधी गेला नाही. पण लग्नाचा हुरूप आला त्याला. म्हटलं, बायको यायच्या आत घर पांढरंशुभ्र करून टाकू. कळीचा चुना आणला. तो विझवायला खड्डा हवा. चेंडूलिलीची पानं दिवाळीनंतर वाळून जातात, कांदा मातीखाली निजतो. वरून पाहणाऱ्याला नुसती रिकामी जागा, तीही आयती खोलगट. तुलारामनं खडे त्यात ओतले आणि वरून बादल्यांवर बादल्या पाणी. चुना खदखदा उकळला, अंगणभर वाफ झाली.

केशरबाई परतली तेव्हा तो कुंचा घेऊन दारातच उभा होता.

"पाय, राजवाडा करून टाकला का नाई?"

तिनं भिंतींकडं पाहिलंच नाही. पिशवी हातातच राहिली.

"चुना कोठी विझवला जी?"

"मंधातल्या खड्ड्यात. रिकामाच त होता."

"बरं केलं," ती म्हणाली आणि आत गेली.

लग्नाच्या घरात रडू नये, येणाऱ्या सुनेला ते लागतं. हळद झाली, वरात आली, वऱ्हाडणी आपसात म्हणाल्या, "सासू लय गंभीर हाये बापा!" पाहुणे पांगले तशी केशरबाईनं चुना खरवडून काढला, तळ्याची गाळमाती आणून टाकली आणि रोज पाणी घालू लागली. चैत गेला, बैसाख गेला. जेठात वाफा पांढुरका, उघडा, तसाच.

एका दुपारी तुलाराम म्हणाला, "घनश्यामची माय, चेंडू काहून नाई आला वो यंदा?"

तिनं हातातली बादली वाफ्यात ओतली. तो वाफ्याकडं बघत राहिला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं. उकिडवा बसून त्यानं बोटांनी माती उकरली. कांदा हाती लागला, आणि शिजलेल्या बटाट्यासारखा बोटांतच विरघळला. दुसरा तसाच. तिसरा काढायची हिंमत झाली नाही.

"मले बोलली काहून नाई? दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या!"

"लग्न होतं घरी."

"अन् लग्न झाल्यावर?"

केशरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "वाटे, एखादा तरी वाचला असंन."

आठवड्याभरानं तुलाराम मिलमालकाच्या बागेतून एक कांदा मागून घेऊन आला. मातीसकट, फडक्यात गुंडाळून. नवरदेवासारखा लाजत त्यानं तो तिच्यापुढं धरला.

"हा चेंडूवालाच हाये. माळ्याले दोनदा इचारून घेतलं."

तिनं हात लावला नाही.

"लावा. पानी मी घालीन. पन पोरीचा म्हनू नका."

तुलारामनं मान हलवली. खुरपं घेऊन वाफ्याला वळसा घातला आणि दूर, कुंपणापाशी, नवी जागा खणू लागला.